पथक येणार, तयारी काय? पशुदवाखान्यात शिकणाऱ्यांचे प्रश्न

पशुसंवर्धन पदविकेचे विद्यार्थी, खासगी दवाखान्यात काम शिकणारी मुलं-मुली आणि एक आई अशा आठ जणांची पत्रं या वेळी घेतली आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेली गोष्ट एकच: शिकण्याची जागा बरोबर आहे का, हे बघायला येणारं पथक. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (निपाणी): पदविकेचं दुसरं वर्ष चालू आहे. प्रत्यक्ष कामासाठी मला गुरांच्या दवाखान्यात पाठवलंय. तीन आठवड्यांनी संस्थेचं पथक पाहणीला येणार. ते माझी परीक्षा घेणार की दवाखान्याची? सुरुवात कुठून करू?

उत्तर: दोन्हीची थोडी थोडी. पण त्यांना खरं बघायचं असतं ते वेगळंच. या जागी तुम्ही खरोखर शिकताय का, आणि कुणाच्या नजरेखाली शिकताय? त्यासाठी ते तीन गोष्टी एकमेकींना लावून बघतात: तुमची लॉगबुक, दवाखान्याची रजिस्टरं आणि तुमचं तोंडी उत्तर. लॉगबुकात १२ तारखेला तीन कालवडींना लस टोचल्याचं लिहिलं असेल, तर लसीच्या रजिस्टरात त्याच दिवशी त्याच बॅच नंबरच्या तीन मात्रा खर्ची पडलेल्या हव्यात, आणि कानातल्या बिल्ल्यांचे बारा अंकी नंबरही जुळायला हवेत. त्या दिवशी डॉक्टर रजेवर असतील तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग देखरेख कुणाची होती?

हा प्रश्न कायद्यातून येतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चं कलम ३० सांगतं की जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्याला राज्य सरकारच्या आदेशानं 'किरकोळ सेवा' करता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक मदत अशा. त्याही पशुवैद्यकाच्या सूचनेनं आणि देखरेखीखाली. तुमच्या हातात तर अजून पदविकाही नाही. म्हणून लॉगबुकातल्या प्रत्येक ओळीत 'कुणाच्या देखरेखीखाली' हा रकाना भरलेला हवा.

पहिला आठवडा लॉगबुकलाच द्या. प्रत्येक कामापुढं तीनपैकी एकच शब्द लिहा: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं. मुलं इथंच फसतात, कारण 'मदत केली' म्हणजे कमीपणा असं त्यांना वाटतं. दुधाच्या तापातल्या (व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घटलेल्या) गाईला डॉक्टरांनी मानेच्या शिरेत सुई घातली, तुम्ही ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली धरली आणि स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले. ही 'मदत केली'चीच नोंद, आणि फार चांगली नोंद. बाटली पंधरा-वीस मिनिटं का लावली, असं कुणी विचारलं तर उत्तर तुमच्याकडं असतं: कॅल्शियम भरभर गेलं तर हृदयाची लय बिघडते, म्हणून ठोके अडखळले की बाटली खाली घ्यायची. उलट शिरेत चाळीस इंजेक्शनं आणि एकही सुई चुकली नाही, असली वही बघितली की पथकातला अनुभवी माणूस पान उलटायचं थांबतो. काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदललं, ते लिहा. सही त्याच दिवशी घ्या. महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं मारलेल्या तीस सह्या कुणालाही ओळखू येतात.

दुसऱ्या आठवड्यात एकदा फाटकातून नव्या माणसासारखे आत या आणि जनावर अडकवायच्या खोड्यापासून औषधाच्या कपाटापर्यंत चालत जा. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? माणसांसाठी असलेल्या प्रथमोपचार पेटीत बँडेज आहे की नुसतं झाकण? डोळ्यात औषध उडालं तर धुवायला वाहतं पाणी कुठं आहे? खोड्याचा बोल्ट निसटतो का? जे तुम्हाला दुरुस्त करता येत नाही ते डॉक्टरांना लेखी कळवा आणि त्या चिठ्ठीची तारीख जपून ठेवा.

पथक तुमच्याशी डॉक्टरांना बाजूला ठेवून बोलेल. त्याला घाबरायचं कारण नाही. शिकवायला वेळ मिळतो का, नुसतं शेण काढायला आणि चहा आणायलाच ठेवलंय का, हेच विचारतात. खरं तेच सांगा.

प्रश्न (खानापूर): आमच्याकडं उभा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) आहे. हत्यारांच्या कापडी पॅकवर लावलेल्या टेपवर काळ्या रेघा नीट उमटतात, पण पावसाळ्यात पॅक ओले निघतात. डॉक्टर म्हणतात परत लावा. रेघा आल्या म्हणजे निर्जंतुक झालंच ना? पाहणीत हे विचारतील का?

उत्तर: विचारतील, आणि बहुतेक आधी हेच. डॉक्टरांचं बरोबर आहे. टेपच्या रेघा एवढंच सांगतात की पॅकच्या बाहेरच्या बाजूला उष्णता लागली. आतल्या कात्रीपर्यंत वाफ पोहोचली का, हे टेपला कळत नाही. त्यासाठी सगळ्यात मोठ्या पॅकच्या मध्यभागी रासायनिक दर्शकपट्टी ठेवायची आणि पॅक उघडल्यावर ती रजिस्टरात चिकटवायची. जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी त्याहून पक्की. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची एक कुपी ऑटोक्लेव्हमधून काढायची, एक तशीच ठेवायची आणि दोन्ही ५५ ते ६० अंशांवर उबवायच्या. न तापवलेल्या कुपीत वाढ दिसली आणि तापवलेलीत दिसली नाही, तर यंत्र काम करतंय. दोन्हींत वाढ नसेल तर चाचणीच फसली. त्यात आनंद मानायचं काही नाही.

आता ओलेपणाचं. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये पहिला शत्रू हवा. झाकण लावून लगेच वाफेची तोटी बंद केली तर आत हवा कोंडते. काटा १५ पौंड दाखवतो, पण तो दाब हवा आणि वाफ मिळून झालेला असतो आणि तापमान १२१ अंशांच्या बरंच खाली राहतं. म्हणून तोटीतून वाफ अखंड, जोरात येऊ लागल्यावर पाच ते दहा मिनिटं तोटी उघडीच ठेवा, मग बंद करा. वेळ मोजायची ती काटा १५ वर पोहोचल्यापासून. शेगडी पेटवल्यापासून मोजायची नाही. कापडात गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटं.

आपल्या भागापुरती एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, खानापूर थोडं खाली. हवेचा दाब इथं कमी असल्यानं मीटरवर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान साधारण एका अंशानं कमी भरतं. दाब वाढवायच्या नादी लागू नका, सुरक्षा झडपेची मर्यादा असते. पाच मिनिटं वेळ वाढवा आणि तसं यंत्राशेजारच्या कागदावर लिहून ठेवा. पथकाला ही ओळ दिसली तर तुमच्याबद्दलचं त्यांचं मत तिथंच बदलेल.

पॅक ओला राहायची कारणं बहुतेक वेळा शेवटच्या वीस मिनिटांत असतात. पॅक ठासून भरले होते का? दोन पॅकांमध्ये बोटभर जागा हवी, वाट्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवायच्या, म्हणजे पाणी साचत नाही. पाणी जाळीच्या वर आलं होतं का? शिट्टी होताच झाकण काढलं का? आच बंद केल्यावर वाफ हळूहळू सोडा, काटा शून्यावर आला की झाकण बोटभर फटीनं उघडं ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. आतल्या उष्णतेनंच कापड वाळतं. गरम पॅक थंड शहाबादी फरशीच्या ओट्यावर ठेवला की खालून घाम फुटतो. जाळीच्या रॅकवर ठेवा. पावसाळ्यात उघड्या फळीऐवजी बंद कपाट. पॅक ओला झाला, फाटला किंवा खाली पडला की त्याच्यावर कितीही नवी तारीख असू दे, तो परत लावायचा. ओल्या कापडातून जंतू आत ओढले जातात, कारण ओलावा त्यांना वाट करून देतो.

तारीख, फेरीचा नंबर, आतलं सामान आणि तुमची आद्याक्षरं टेपवर लिहा. कापडावर पेननं लिहू नका, शाई फुटते.

प्रश्न (चिकोडी): लसींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा लिहायचं असतं. दोन महिन्यांचं कुणीच लिहिलेलं नाही. पाहणी जवळ आल्यावर सीनियर म्हणतात, "चार, पाच, चार असं भरून टाक, कोण बघतंय?" मी काय करू?

उत्तर: भरू नका. मोकळ्या रकान्याबद्दल खुलासा मागतील, पण बनावट रकान्याला खुलासाच नसतो. शिवाय तो लपतही नाही. साठ दिवस एकाच शाईत, एकाच हाताच्या वळणात, सकाळ-संध्याकाळ चार अंश, आणि त्याच काळात दोनदा दिवसभर वीज नव्हती हे सगळ्या गावाला माहीत. पथकानं हा ताळा लावला की त्या दवाखान्यातला दुसरा कुठलाही कागद ते विश्वासानं वाचत नाहीत.

सीनियरना विरोध करायची गरज नाही. एवढंच विचारा: "मला ते आकडे माहीत नाहीत. मोकळ्या दिवसांवर तिरपी रेघ मारून 'नोंद घेतलेली नाही' असं लिहू का, आणि आजपासून सुरू करू का?" मग डॉक्टरांना सांगा. लसी वापरायच्या की टाकायच्या हा निर्णय त्यांचा. चूक दुरुस्त करायची रीतही शिकून घ्या. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. व्हाइटनर दवाखान्यातून घरी न्या.

आजपासून कसं? कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मधल्या फळीवर, लसींच्या शेजारी ठेवा. सकाळी नऊला आताचं, कमाल आणि किमान असे तीन आकडे लिहा, बटण दाबून शून्य करा, संध्याकाळी पुन्हा. नुसतं 'आताचं' तापमान लिहिलं तर रात्री काय झालं ते कळत नाही. मर्यादा २ ते ८ अंश. आपल्याकडं सगळ्यांचं लक्ष ८ च्या वर जाण्याकडं असतं, पण घात होतो तो बहुधा खालच्या बाजूला. लाळ्या खुरकुताची लस गोठली की तिचं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, फुटतं. वितळवल्यावर बाटली बरी दिसली तरी ती लस गेली. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली म्हणूनच वाया जाते. दारातल्या खणात लस नको, तिथं पाण्याच्या बाटल्या भरा. वीज गेल्यावर त्याच थंडी धरून ठेवतात. वीज गेली की दार उघडायचं नाही, गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायची. आणि सीनियरांच्या डब्यातली ताकाची बाटली त्या फ्रिजमध्ये असेल तर पाहणीच्या दिवसापुरती नाही, कायमची बाहेर काढा.

२०१९ पासून लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावरं गाभडवणारा रोग) यांचं राष्ट्रीय लसीकरण चालू आहे, त्यामुळं हा फ्रिज बघितल्याशिवाय पथक जाईल ही आशा सोडा.

प्रश्न (बेळगाव शहर): कुत्र्या-मांजरांच्या खासगी दवाखान्यात शिकते. कचऱ्याच्या रंगांचा नेहमी गोंधळ होतो. आणि केटामाइन या भुलीच्या औषधाचा हिशोब कधीच जुळत नाही, दर वेळी अर्धा मिली कमी. चोरीचा संशय आमच्यावर येतो.

उत्तर: रंग आधी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ पशुदवाखान्यांनाही लागू आहेत. पिवळ्यात रक्ताचा कापूस-गॉज, शस्त्रक्रियेतून काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये सलाइनचे सेट, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज, म्हणजे दूषित प्लास्टिक. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्या खुणेच्या डब्यात काचेच्या कुप्या आणि व्हायल. गोंधळ दोनच ठिकाणी होतो. एक, सुईसकट सिरिंज लालमध्ये जाते. सुई कटरमध्ये कापा, टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला टोचण्याचे प्रकार टोपण लावतानाच होतात. दोन, काचेची व्हायल प्लास्टिकसारखी समजून लालमध्ये टाकली जाते. पिशवी पाऊण भरली की बांधा. हा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, त्यामुळं उचलणाऱ्या गाडीच्या पावत्या तारखेवार लावून ठेवा. पथक त्याच मोजतं.

जमिनीवर सांडलेल्या रक्तासाठी एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण: पाच टक्क्यांचं एक माप, पाणी चार मापं, रोज ताजं. आधी घाण पुसून मगच ओता, कारण शेण, रक्त आणि लाळ क्लोरीन खाऊन टाकतात. टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. पार्व्हो या विषाणूनं आजारी पडलेल्या पिल्लाचा पिंजरा नुसत्या सुगंधी फिनाइलनं धुतलात तर पुढचं पिल्लू आजारी पडेल. त्या विषाणूला क्लोरीनसारखं कडक जंतुनाशक हवं.

आता केटामाइन. हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाखालचं औषध. कुलपात, किल्ली डॉक्टरांकडं, वेगळं रजिस्टर. हिशोब न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा चोरी नसून सिरिंजच असते. सुईच्या मुळाशी आणि सिरिंजच्या टोकाशी दर वेळी थोडं औषध अडकून राहतं. १० मिलीच्या व्हायलमधून पंधरा-वीस वेळा छोटे डोस काढले की तो अर्धा-एक मिली असाच गेलेला असतो. उपाय: प्रत्येक ओळीत चार आकडे लिहा, आधीची शिल्लक, काढलेलं, जनावराला दिलेलं, टाकून दिलेलं. टाकून दिलेल्यापुढं दुसऱ्या माणसाची सही. छोट्या डोससाठी १ मिलीची सिरिंज वापरा. आठवड्यातून एकदा डॉक्टरांसमोर व्हायल प्रकाशात धरून शिल्लक ताडा आणि फरक लिहा. दहा आठवडे फरक एकसारखाच येत असेल तर तो सिरिंजचा. एखाद्या आठवड्यात अचानक तीन मिली गेले तर तेव्हा विचारपूस करायची.

जाता जाता कपाटात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आहे का बघा. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आणि केटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून. ही औषधं दिलेली मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं त्यांनी निकामी होतात. मागच्या फळीवर एखादी जुनी बाटली राहून गेलेली असते आणि ती नेमकी पथकालाच सापडते.

प्रश्न (अथणी): माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. दवाखान्याची रजिस्टरं कन्नडमध्ये. वाचता येतं, लिहिताना अडखळतो. पथकासमोर हसं होईल का?

उत्तर: भाषेनं हसं होत नाही, आकड्यानं होतं. मराठी चार घाईत लिहिला की इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एकाचा नऊ होतो आणि मराठी सात वाचणाऱ्याला सहा वाटतो. एकाच पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही आकड्यांत डोस लिहिलेले असतील तर कुणीतरी कधीतरी ४ मिलीऐवजी ८ मिली भरणारच. डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या: डोस, वजन, तापमान आणि बिल्ल्याचा नंबर फक्त इंग्रजी आकड्यांत. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचं, म्हणजे 'पॉइंट पाच' न लिहिता 'शून्य पॉइंट पाच'. नाहीतर टिंब पुसट झालं की पाच उरतं.

औषधाचं नाव इंग्रजीत, कंपनीच्या नावानं न लिहिता मूळ (जेनेरिक) नावानं. बाकी मालकाची तक्रार कन्नडमध्ये तो म्हणाला तशी लिहायला पंधरा-वीस शब्द पाठ झाले की पुरतात. कालुबायी म्हणजे लाळ्या खुरकूत, केच्चलु बावु म्हणजे स्तनदाह, चप्पे बेने म्हणजे फऱ्या, चर्मगंटु म्हणजे लम्पी. हे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पथकानं ती यादी बघितली तर बिघडत नाही, ती तयारीच आहे. मात्र समजलं नसेल तर अंदाजानं रकाना भरू नका; शेजारच्याला विचारा.

प्रश्न (हुक्केरी, एक आई): मुलगी दवाखान्यात शिकायला जाते. परवा पिसाळल्यासारख्या वासराच्या तोंडात हात घालायला लावला. घरी येऊन सहज सांगते. पाहणीवाले हे विचारतात का?

उत्तर: विचारायलाच हवं, आणि ताई, त्याच्या आधी तुम्ही विचारा. पाहणीची वाट बघू नका. वासराची लाळ हातावरच्या ओरखड्याला किंवा डोळ्याला लागली असेल तर आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची; हळद, चुना, मिरची काही नाही. जनावरांत काम करणाऱ्यांना रेबीजची लस आधीच टोचून घेता येते. मुलीनं ती घेतली आहे का आणि तिचं कार्ड दवाखान्यात आहे का, हे पथक बघतं.

दुसरा धोका जार (वार) अडकलेल्या किंवा गाभडलेल्या गाईचा. ब्रुसेलोसिस तिथून माणसात येतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे, त्यावर रबरी एप्रन, तोंडावर मास्क, आणि जार उघड्यावर फेकायची नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचायची ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते. ती चुकून स्वतःला टोचली किंवा डोळ्यात उडाली तर तोही अपघात समजून लगेच डॉक्टरकडं जायचं आणि अपघात रजिस्टरात लिहायचं. एक्स-रेच्या खोलीबद्दलही विचारा. १८ वर्षांखालच्या मुलीनं तिथं जनावर धरून उभं राहू नये.

प्रश्न (मूळची खानापूरची, सध्या इंग्लंडमध्ये): इथं व्हेटरनरी नर्सिंग शिकते. कॉलेजच्या माणसाची पाहणी आहे. गावाकडं या कामाला काय म्हणतात हेच घरच्यांना समजावता येत नाही!

उत्तर: घरच्यांना सांगा की आपल्या कायद्यात 'व्हेटरनरी नर्स' हा शब्दच नाही, तिथं मात्र ती नोंदणीकृत नोकरी आहे. तिथल्या १९६६ च्या व्हेटरनरी सर्जन्स ॲक्टचं शेड्यूल तीन तुमची हद्द ठरवतं. शिकाऊ नर्सला पशुवैद्यकाच्या सूचनेनं औषधोपचार करता येतात, पशुवैद्यक किंवा नोंदणीकृत नर्सच्या देखरेखीखाली. शरीराच्या पोकळीत न शिरणारी किरकोळ शस्त्रक्रियाही करता येते, पण तेव्हा देखरेख प्रत्यक्ष, अखंड आणि वैयक्तिक हवी. म्हणजे देखरेख करणारी व्यक्ती तुमच्या शेजारीच हवी, शेजारच्या खोलीत असून चालत नाही. हे तुम्हाला लागू व्हायला रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सकडं विद्यार्थी म्हणून तुमची नोंद झालेली असावी लागते, तेव्हा त्या नोंदीचा पुरावा हाताशी ठेवा.

पाहणीला येणारा माणूस तुमच्याइतकंच तुमच्या क्लिनिकल कोचकडं, म्हणजे दवाखान्यात तुम्हाला शिकवणाऱ्याकडं बघेल. कोचनं लॉगमध्ये नुसतं 'छान' लिहिलंय की काय सुधारायचं तेही लिहिलंय? तुमच्या रोजच्या पाळीत शिकायचा वेळ राखलेला आहे का? एक्स-रेचे स्थानिक नियम वाचून तुम्ही सही केली आहे का? केटामाइन तिथं नोव्हेंबर २०१५ पासून शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखाली आहे. वरच्या बेळगावच्या उत्तरातला हिशोब तिथंही तसाच लागू पडतो.

प्रश्न (गोकाक): पाहणीच्या दिवशी ओपीडी बंद ठेवावी का? आणि हिशोब विचारला तर?

उत्तर: बंद ठेवू नका, त्यांना चालू दवाखानाच बघायचा असतो. हिशोबातला नेहमीचा प्रश्न सलाइनचा. १० किलोचा कुत्रा, दिवसाला किलोमागं ५० मिली, म्हणजे २४ तासांत ५०० मिली, तासाला सुमारे २१ मिली. मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला सात थेंब. ६० थेंबांच्या सूक्ष्म सेटवर मिनिटाला एकवीस. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचा, तिप्पट चूक तिथंच होते.

त्या दिवशी एखादी साधी, ठरलेली केस ठेवा, जसं नर कुत्र्याचं खच्चीकरण. भूल दिल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास, हिरड्यांचा रंग आणि तापमान लिहायचं काम तुमच्याकडं मागून घ्या. हिरडी बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे, नाही झाली तर आकडा लिहीत बसू नका, आधी तोंडानं सांगा. बाहेरची माणसं बघत उभी राहणार म्हणून मालकाची संमती आदल्या दिवशीच केस पेपरवर घ्या, आणि त्याच वेळी सांगा की कुत्र्याला रात्री दहानंतर खायला द्यायचं नाही, पाणी सकाळपर्यंत चालेल.